देयक आणि दक्षिणा

कुंभिवली, ता. खालापूर, जि. रायगड

चि. बेबीस,

तुझे पत्र पोहोचले. कारखान्याच्या सूचनाफलकांचा आणि सुरक्षा-पुस्तिकेचा अनुवाद पोहोचता करून तीन महिने लोटले, ‘बिल पास व्हायचे आहे’ याखेरीज फोनवर दुसरे उत्तर मिळत नाही, आणि फार विचारले तर पुढचे काम हातचे जाईल अशी धास्ती वाटते, असे तू लिहितेस. त्या थकबाकीचे मूळ मला कंपनीच्या दप्तरापेक्षा तुझ्या धास्तीतच अधिक दिसते, म्हणून आज जरा विस्ताराने लिहितो.

भाषांतराच्या मोबदल्याचा विषय निघाला की आपल्या माणसांची जीभ अडखळते, याला थोडा इतिहास आहे. पेशवाईत विद्वानांना वाटली जाणारी दक्षिणा पुढे इंग्रजी अमलातही काही काळ चालू राहिली, त्या निधीचा काही अंश मराठी ग्रंथरचनेकडे वळवून १८५१ साली पुण्यास दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि मराठीतील आरंभीची कितीतरी भाषांतरे तिच्या पारितोषिकांच्या आश्रयाने प्रकाशात आली. त्या कमिटीचे आपल्या भाषेवरील ऋण मी नाकारीत नाही. परंतु विद्येचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीने यावयाचा आणि घेणाऱ्याने तो खाली मान घालून स्वीकारावयाचा, हा जो संस्कार दक्षिणेच्या पद्धतीने आपल्यात रुजविला, तो दक्षिणा गेली तरी गेलेला नाही. तुझ्यासमोर आज ना पेशवे आहेत ना कमिटी. सावरोली-खारपाडा रस्त्यावरची ती एक कंपनी आहे, आणि कायद्याने लावावयाच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही असाव्यात, हे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमानेच या देशातील कारखानदारांवर घातलेले होते. तेव्हा तुझा अनुवाद ही त्यांची निकड होती. त्यांनी तुझ्यावर केलेली मेहेरबानी नव्हती.

पैसे वेळेवर येण्याची तजवीज तगाद्याच्या वेळी होत नसते, ती कामाला हात लावण्यापूर्वी करावी लागते. आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखात गुंठाभर जमिनीचा सौदा ठरला तरी इसारपावती झाल्याखेरीज कोणी पुढचे पाऊल टाकीत नाही. आणि त्याच जमिनीच्या कागदांचे इंग्रजी करून मागणाऱ्या मुंबईच्या वकिलाला मात्र तू, फोनवरच्या ‘करून टाका’ या दोन शब्दांवर, आठवडाभराचे श्रम देऊन मोकळी होतेस! यापुढे प्रत्येक कामापूर्वी कामाचे स्वरूप, दर, मोजणीची रीत, पोहोचविण्याची तारीख, आगाऊ रक्कम आणि उरलेल्या पैशांची मुदत एवढा मजकूर ईमेलने पाठवीत जा आणि ‘मान्य’ एवढे तरी लेखी उत्तर येईतो काम सुरू करू नकोस. गिऱ्हाईक नवे असेल तर अर्धी रक्कम आगाऊ माग. तेवढ्याने जो नाराज होईल तो शेवटी पूर्ण रकमेलाही नाराजच असणार.

मोजणीविषयी विशेष सावध राहा. इंग्रजीतून मराठीत येणारा मजकूर मूळ इंग्रजी शब्दांवर मोज, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून लिहिण्याच्या आपल्या रीतीमुळे मराठी शब्दसंख्या बहुधा कमी भरते. उलट दिशेने जाताना तयार इंग्रजी मजकुरावर मोजणी ठरव, नाही तर दर चढा ठेव. जमिनीच्या कागदांना तर शब्दमोजणी लावूच नकोस. गाव नमुना सहामधला एखादा जुना हस्तलिखित फेरफार घे: तलाठ्याने कूळ, वारस, बोजा आणि हुकुमाचा क्रमांक एकाच दमात एका वाक्यात कोंबलेला, वर मंजुरीचा शेरा आणि सही आडवी मारलेली, आणि हाती आलेली प्रत झेरॉक्सचीही झेरॉक्स. शब्द भरतील दोनशे, पण वाचण्यात अर्धा दिवस जाईल. शिवाय सातबाऱ्यावरचे हेक्टर-आरचे आकडे, पोटखराबा आणि इतर हक्कांचा रकाना यांत एखादी चूक राहिली तर वकील दोष तुझ्याच माथी मारणार. अशा कागदांचा दर पानागणिक असावा आणि दुर्वाच्य प्रतीला निराळा असावा.

कारखान्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात धर. जो अधिकारी तुला काम सांगतो तो पैसे देत नाही, आणि जो पैसे देतो त्याला तुझे नावही ठाऊक नसते. सुरक्षा अधिकाऱ्याने तोंडी शाबासकी दिली तरी अकाउंट्सचा कारकून पर्चेस ऑर्डरचा क्रमांक, व्हेंडर म्हणून झालेली तुझी नोंद आणि काम मिळाल्याची सही एवढेच पाहतो, आणि यांतले एक जरी उणे असले तरी बिल बाजूला सारतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो, त्याच्या टेबलाची ती शिस्त असते. म्हणून ऑर्डर हाती येईपर्यंत थांब, पॅन आणि रद्द केलेला धनादेश आधीच देऊन ठेव, महिन्यात कोणत्या तारखांना पैसे सोडतात ते त्या कारकुनालाच विचार, आणि काम ज्या दिवशी पोहोचेल त्याच दिवशी बिल पाठव. महिन्याअखेर सगळी बिले एकदम करण्याची तुझी सवय मोड. बिलावर क्रमांक, तारीख, ऑर्डरचा क्रमांक, शब्दसंख्या अथवा पाने, दर, अंकी व अक्षरी रक्कम, खात्याचा तपशील आणि ‘अमुक तारखेपूर्वी देय’ अशी तारीखच असावी. ‘लवकरात लवकर’ ही कोणत्याही पंचांगातली तिथी नव्हे.

कराचे थोडक्यात सांगतो. व्यावसायिक शुल्क एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांवर गेले की १० टक्के टीडीएस कापला जातो. ६०,००० च्या बिलाचे ५४,००० आले तर भांडायला जाऊ नकोस, उरलेले ६,००० तुझ्या पॅनवर जमा झाले की नाही ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून जीएसटीची नोंदणी नसेल, तर बिलात तो कर लावता येत नाही.

आता कायद्याचे बळ. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमान्वये नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे, मुदतीचा करार नसल्यास काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत; काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते पोहोचले त्याच दिवशी स्वीकारले असे धरले जाते, आणि मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तरीही दाद लागली नाही तर त्याच अधिनियमाखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रार नेता येते. याहून परिणामकारक गोष्ट अलीकडची आहे: २०२३ च्या वित्त अधिनियमाने केलेल्या व १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, सूक्ष्म वा लघु उद्योगाचे मुदतीबाहेर थकविलेले देणे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत कंपनीला आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा घालता येत नाही. व्याजाच्या धमकीला न बधणारे हिशेबनीस या एका वाक्याने हलतात, म्हणून या अधिनियमाखालच्या ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक यापुढे तुझ्या प्रत्येक बिलाच्या माथ्यावर ठळक छापलेला असला पाहिजे.

परदेशी एजन्सीचे काम मिळते आहे असे लिहिलेस. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दोन व्यावसायिकांतील करारातली देण्याची मुदत, स्पष्टपणे वेगळे ठरले नसेल तर, ६० दिवसांवर जाऊ नये असे आहे खरे, पण एका लहानशा बिलासाठी तू तिथल्या न्यायालयात जाणार नाहीस हे त्यांनाही कळते. तेव्हा प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावरील ब्लू बोर्डावर इतर अनुवादकांनी त्या एजन्सीविषयी काय लिहिले आहे ते आधी वाच, आणि मधल्या बँकांची कापाकापी कोणी सोसायची ते लेखी ठरव.

राहिले तुझे सध्याचे बिल. काम देण्यापूर्वी तुझी उद्यम नोंदणी झालेली नसल्याने त्या अधिनियमाचा आधार या बिलाला मिळेलच असे धरून चालू नकोस. साध्या दिवाणी दाव्याला मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे आहेत, आणि त्या अवधीत कंपनीने हे देणे सहीनिशी लेखी कबूल केले तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. म्हणून फोनवरचा तगादा बंद कर. अकाउंट्सच्या प्रमुखाला, प्रत सुरक्षा अधिकाऱ्याला, असे पत्र पाठव: बिलाचा क्रमांक व रक्कम, काम पोहोचल्याची तारीख, त्याविषयी आजवर एकही हरकत आलेली नाही ही वस्तुस्थिती, आणि पैसे कोणत्या तारखेस मिळतील ते लेखी कळवावे ही विनंती. रागाचा वा गयावयेचा एकही शब्द त्यात नको. पंधरवड्यात उत्तर आले नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने संचालकांच्या नावे जाऊ दे, आणि तोवर त्यांचे नवे काम घेऊ नकोस.

उद्यम नोंदणीला शुल्क पडत नाही. आधार आणि पॅन एवढ्यावर घरबसल्या ती होते, मध्ये पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभा करू नकोस. येत्या आठवड्यात ती उरकून क्रमांक मला कळव, मगच वकिलाच्या नव्या कागदांना हात लाव.



तुझा,
मामा