सड्यावरील कचरा आणि पायथ्याची झर

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल व दक्षिणेस शापोरा या नद्या वाहतात. या दोन नद्यांच्या दरम्यान जांभ्या दगडाचे सडे पसरलेले असून मोपा गावाचे पठार हे त्यांपैकीच एक होय. उन्हाळ्यात सडा उजाड भासतो. पावसाळ्यात मात्र त्यावर गवत, गेंद आणि सीतेची आसवे यांसारख्या फुलांचे गालिचे पसरतात व गुरांना चारा मिळतो. सड्याचे खरे महत्त्व त्याच्या पोटात आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून खाली झिरपते, तळच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झरीच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या विहिरी, कुळागरे व काजूबागा यांना या पाण्याचा आधार असतो. म्हणून सड्यावर टाकलेला कचरा हा सड्यापुरता राहत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेथे उतरणाऱ्यांपैकी काही पर्यटक केवळ समुद्रकिनारी न थांबता हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे, हळर्णच्या किल्ल्याकडे, डिचोलीतील हरवळे धबधब्याकडे, तसेच चोर्ला व आंबोलीच्या घाटांकडे वळतात. स्थानिक तरुण व शालेय सहलीही याच वाटांनी जातात. पाण्याच्या बाटल्या, खाऊची चकचकीत वेष्टने व कागदी पेले यांचा कचरा वाटेच्या कडेला साचतो, तो बहुधा याच प्रवासात.

कचऱ्याचा पुढील प्रवास

पहिल्या जोरदार पावसात हा कचरा ओहोळात उतरतो. पिशव्यांमुळे मोऱ्या तुंबतात. अन्नाचा वास लागलेली पिशवी गुरे गिळतात. ती पचत नाही, कोठ्यात साठत जाते आणि जनावर दगावू शकते. उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचे बारीक कण होतात व ते वेचणे अशक्य ठरते. टाकून दिलेल्या बॅटरीतील घातक द्रव्ये पाण्यात उतरू शकतात. मातीच्या जाड थरातून पाणी जसे गाळले जाते, तसे जांभ्याच्या रुंद भेगांतून गाळले जात नाही.

कचरा जाळणे हा उपाय नव्हे. प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू असतात आणि सुक्या गवतात ठिणगी पडल्यास वणवा लागण्याचे भय असते. पुरून ठेवलेला कचराही पावसाने अथवा जनावरांनी उकरला जातो. तेव्हा नेलेली प्रत्येक वस्तू परत आणणे हाच खात्रीचा मार्ग होय.

प्रवाशाने काय करावे?

निघण्यापूर्वीच वेष्टने घरी काढावीत व खाद्यपदार्थ डब्यात भरावेत. पाण्यासाठी धातूची बाटली न्यावी. सोबत दोन कापडी पिशव्या ठेवाव्यात. एकीत सुका व दुसरीत ओला कचरा घ्यावा. केळीची वा संत्र्याची सालही मागे टाकू नये, कारण तिच्यामुळे माकडांना माणसाच्या अन्नाची सवय लागते. शौचाची वेळ आल्यास पाण्यापासून किमान 60 मीटर दूर, सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा.

कचरा परत आणल्यावर त्याचे वर्गीकरण महत्त्वाचे ठरते. पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकपासून धागा बनतो. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा धातू केल्यास, खनिजापासून तो तयार करण्यास लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. परंतु प्लास्टिक व धातूचे पापुद्रे एकत्र असलेले खाऊचे वेष्टन सहजासहजी पुन्हा वापरात येत नाही. म्हणून ते मुळात विकत न घेणेच श्रेयस्कर. उष्ट्या अन्नाने माखलेला कागदही पुनर्वापरास निरुपयोगी होतो. सुका कचरा कोरडा ठेवण्याचे कारण हेच आहे.

गाव व शासन

गोव्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा 1996 मध्येच झाला. प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे अशा एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. बार्देश तालुक्यातील साळगाव येथे 2016 मध्ये घनकचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला असून तेथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व त्यापासून वीज निर्माण होते. तथापि यंत्र कितीही मोठे असले तरी वाटेवर पडलेली बाटली ते उचलू शकत नाही.

सीमेपलीकडील वेंगुर्ल्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरणाची शिस्त लावली, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला आणि जुन्या कचराभूमीचे लोकांनी पाहावयास यावे अशा स्थळात रूपांतर केले. लहान गावालाही हे साधते, हा त्याचा अर्थ.

ग्रामपंचायतींनी सड्यावर उघडी पिंपे ठेवू नयेत; ती कुत्री व गुरे उलथून टाकतात. त्याऐवजी वाट जेथे सुरू होते तेथे झाकणाची पेटी ठेवून ती ठरावीक दिवशी रिकामी करावी. सहलीचे वाहन निघताना व परतताना पिशव्यांची मोजणी करणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

वर्गात एक सोपा प्रयोगही करता येईल. तळाला भोक असलेली कुंडी जांभ्याच्या लहान तुकड्यांनी भरावी व वरून शाई मिसळलेले पाणी ओतावे. थोड्याच वेळात तळाशी रंगीत पाणी दिसेल. सड्यावर जे सांडते ते पायथ्याच्या घागरीपर्यंत कसे पोहोचते, हे मुलांना त्यावरून उमजेल. आणि पुढल्या सहलीत रिकामी बाटली पिशवीत परत ठेवण्याचे कारण त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.