वारसास्थळांची सहल : अजिंठा आणि कासला मुलांना नेण्यापूर्वी



सहलीची यादी करायला बसलो की आपण अंतर, बसभाडं, जेवण आणि मुक्काम पाहतो. ते पाहायलाच हवं. पण वारसास्थळी जाताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा : आपली चाळीस मुलं तिथे जाऊन आली, तर त्या जागेचं काय होईल? बागेतला झोपाळा मोडला तर नवा बसवता येतो. दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र खरवडलं गेलं, तर ते परत काढणारा कोणी नाही. म्हणून सहलीची तयारी वर्गातच सुरू व्हायला हवी. त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातली दोन जागतिक वारसास्थळं घेऊ या. एक सांस्कृतिक, एक नैसर्गिक.

सांस्कृतिक वारसा : अजिंठा

अजिंठ्याची लेणी १९८३ साली युनेस्कोच्या यादीत आली. वाघूर नदीच्या नालाकृती दरीत सुमारे तीस लेणी आहेत. सगळी एका दिवसात पाहायला गेलं की मुलं फक्त चालतात, बघत काहीच नाहीत. त्यापेक्षा चारच निवडा : १, १०, १९ आणि २६.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र आहे. दहावं लेणं इसवी सनापूर्वीचं, तर एकोणिसावं इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. दोन्ही चैत्यगृहं आहेत, दोन्हींत स्तूप आहे. मुलांना फरक शोधायला लावा. दहाव्यातला स्तूप साधा आहे, एकोणिसाव्यातल्या स्तूपावर बुद्धाची उभी मूर्ती कोरली आहे. बौद्ध धर्मात काळानुसार झालेला बदल मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो. सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प आहे.

दहाव्या लेण्यात आणखी एक गोष्ट आहे. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी या भागात आला आणि त्याला ही लेणी दिसली. त्याने तिथल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ते नाव आज मोठ्या माणसाच्याही डोक्याच्या वर आहे. मुलांना विचारा, इतक्या उंचावर त्याने कसं कोरलं असेल? उत्तर असं की तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचला होता, त्यावर तो उभा होता. ढीग हटवला गेला, नाव मात्र राहिलं. दोनशे वर्षं झाली तरी ते पुसता येत नाही. ‘भिंतीवर नाव लिहू नका’ हे दहा वेळा सांगण्यापेक्षा ही एक गोष्ट जास्त काम करते.

हात का लावायचा नाही? वर्गात करून पाहा

अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. हे समजण्यासाठी दोन सोपे उपक्रम करता येतील.

१) माती आणि तूस कालवून फरशीच्या तुकड्यावर थापा. वाळल्यावर त्यावर चुना आणि रंग द्या. मग ओल्या बोटाने हलकेच चोळा. काय होतं ते मुलांनीच सांगावं.

२) आरशावर तोंडाने वाफ सोडा. एका श्वासाने आरसा धुरकट होतो, तर बंद लेण्यात शेकडो माणसांच्या श्वासाने किती दमटपणा वाढत असेल? एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडण्यामागचं कारण मग वेगळं सांगावं लागत नाही. फ्लॅशला बंदी असते तीही प्रखर प्रकाशाने रंग फिके पडू नयेत म्हणून.

नैसर्गिक वारसा : कास पठार

२०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली. महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. साताऱ्याजवळच्या कासवर जांभा खडक आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. पावसाळा सरता सरता त्यातच तेरडा, सोनकी, कवला, सीतेची आसवं फुलतात. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा बहरते.

विज्ञानाच्या तासाला इथली दवबिंदू ही वनस्पती घ्या. ती कीटक पकडते, कारण या मातीत तिला पुरेसं पोषण मिळत नाही. सीतेची आसवं हीसुद्धा कीटकभक्षीच.

आता फूल का तोडायचं नाही? तेरड्याचं रोप एका हंगामाचं. फूल तोडलं की बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी रोप नाही. फोटोसाठी फुलांत बसलं की झाडं मोडतात आणि पातळ माती दबून घट्ट होते. ‘एकानेच तर तोडलं’ असं म्हणणाऱ्या मुलाला वर्गाच्या पटाने गुणाकार करायला सांगा!

प्रत्यक्ष सहलीत

- अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. कासच्या हंगामात आधी नोंदणी करा.
- दहा-दहा मुलांचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवं.
- प्रत्येक मुलाने एकाच जागी दहा मिनिटं थांबून वहीत रेखाटन करावं. फोटो नंतर.
- तिथले पहारेकरी, मार्गदर्शक, कासच्या गावांतले स्वयंसेवक यांना मुलांनी किमान एक प्रश्न विचारावा. ‘काका, लोक इथे कोणती चूक जास्त करतात?’ हाही चालेल.
- कचरा स्वतःच्या पिशवीत घालून परत आणायचा.

नागरिकशास्त्राशी जोड

राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये मूलभूत कर्तव्यं आहेत. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं आणि नैसर्गिक पर्यावरणाचं रक्षण करणं, ही दोन्ही त्यात येतात. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे मुलांना जरूर सांगा, पण भीती घालण्यासाठी नको. गिलाव्याचा तुकडा हाताने भुगा होताना पाहिलेल्या मुलाला बहुधा शिक्षेची आठवण करून द्यावी लागत नाही.

पालकांसाठी एक विनंती. मुलं आपल्याकडे बघून शिकतात. आपणच दोरी ओलांडून फोटो काढला, तर शाळेत शिकवलेलं सगळं पाण्यात जातं.

लांब जाणं जमणार नसेल तर गावातली जुनी बारव, वेस, देवराई किंवा जवळचा किल्ला निवडा. २०२५ मध्ये शिवकालीन व मराठा इतिहासातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांपैकी एखादा तुमच्या शाळेजवळही असेल. तयारी मात्र हीच करायची : आधी वर्गात समजून घेणं, तिथे थांबून पाहणं आणि परतल्यावर ‘मी तिथे काय पाहिलं आणि ते टिकावं म्हणून काय केलं’ यावर दहा ओळी लिहिणं.