गायसाचे दार आणि दियत्रफेसाचे दार

शास्त्रपाठ : ३ योहान

प्रियांनो, नव्या करारातील पत्रांपैकी योहानाचे तिसरे पत्र आपण फारच क्वचित उघडतो. मूळ ग्रीक भाषेत ते नव्या करारातील सर्वांत लहान पुस्तक आहे, पपायरसच्या एका पानावर मावेल एवढेच. त्यात ‘येशू’ हा शब्दसुद्धा येत नाही. ‘त्या नामासाठी’ घराबाहेर पडलेल्या लोकांचा उल्लेख मात्र येतो (वचन ७). तरीही सेवेत उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र एकाच बैठकीत तीनदा वाचावे असे मी सुचवीन.

पत्र लिहिणारा स्वतःला फक्त ‘वडील’ म्हणवतो. मंडळीच्या जुन्या परंपरेप्रमाणे हा प्रेषित योहान, आणि काळ पहिल्या शतकाच्या अखेरीचा. पत्र ज्याला पाठवले तो गायस. करिंथचा गायस, मासेदोनियाचा गायस, दर्बेचा गायस अशी या नावाची आणखी माणसे नव्या करारात भेटतात, कारण रोमी जगात हे नाव अगदी सर्रास होते. हा त्यांच्यापैकी कोण, या शोधात अडकू नका. त्याचे घर कसे होते हे पत्रच सांगते.

दुसऱ्या वचनात वडील त्याच्या आरोग्याची आणि कुशलतेची प्रार्थना करतात. त्या काळच्या ग्रीक पत्रांची सुरुवात साधारण अशीच होत असे. या एका वचनावरून ‘प्रत्येक विश्वासणारा धनवान होणारच’ अशी शिकवण उभी करणे म्हणजे पत्राच्या मायन्यालाच करारनामा समजणे होय. वडिलांची तुलना नीट पाहा : गायसाचा जीव जसा सुस्थितीत आहे, तसेच त्याचे बाकीचेही असावे. जिवाची स्थिती आधी येते.

ती स्थिती कशावरून ओळखली? त्याच्या दारावरून. फिरते सेवक त्याच्याकडे उतरले होते, आणि परतल्यावर त्यांनी मंडळीसमोर त्याच्या प्रीतीची साक्ष दिली. ते त्याचे नातेवाईक नव्हते, ओळखीचेही नव्हते. पाचवे वचन त्यांना परके म्हणते. त्या काळच्या धर्मशाळांची कीर्ती वाईट होती. चोरी आणि अनीती यांसाठीच त्या ओळखल्या जात. शिवाय हे सेवक परराष्ट्रीयांकडून काही घेत नसत. म्हणजे विश्वासणाऱ्याचे दार उघडले नाही, तर सुवार्ता त्या गावाच्या वेशीवरच थांबायची.

सहाव्या वचनात वडील गायसाला आणखी एक गोष्ट सांगतात : त्यांना देवाला शोभेल असे पुढे पाठव. मूळ शब्दात नुसता निरोप देणे नाही. पुढच्या मुक्कामापर्यंतच्या प्रवासाची तजवीज करून देणे आहे. आपल्याकडे याला शिदोरी बांधून देणे म्हणतात. पौल तीताला अपुल्लोविषयी लिहितो तेव्हा हाच शब्द वापरतो, आणि त्याला काही उणे पडू देऊ नको असेही सांगतो (तीत ३:१३). सेवकाला जेवू घालून ‘देव तुमचे भले करो’ म्हणत दाराशी निरोप देणे सोपे आहे. पुढच्या गावाचे तिकीट काढून देताना हात खिशात जावा लागतो.

मग कोणालाही घरात घ्यायचे का? नाही. याच वडिलांनी दुसऱ्या पत्रात बजावले आहे की जो ख्रिस्ताविषयीची शिकवण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका. ‘डिडाखे’ नावाच्या प्राचीन ख्रिस्ती पुस्तकातही याचे व्यवहारी नियम आहेत. फिरत्या प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही तो राहिला तर तो खोटा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तरी तो खोटा. पारख करणारी ही मंडळी कठोर नव्हती. दार उघडेच ठेवायचे होते, म्हणून तर पारख लागत होती.

आता दियत्रफेस. वडील त्याच्यावर खोट्या शिकवणीचा आरोप करत नाहीत, हे लक्षात घ्या. त्याची उपासना, त्याचे सिद्धांत यांविषयी एक शब्दही नाही. त्याला पहिली जागा हवी आहे, एवढेच म्हटले आहे, आणि त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. पुढची उतरण दहाव्या वचनात दिसते : आधी वडिलांविषयी वाईट बोलणे, मग आलेल्या बंधूंना दार बंद, मग जे त्यांना घेऊ पाहतात त्यांना मनाई, आणि शेवटी त्यांनाच मंडळीबाहेर काढणे. माझ्या मते तो हे सर्व मंडळीचे रक्षण म्हणूनच करत असावा. पण दुसऱ्या पत्रातली कसोटी ख्रिस्ताची आहे. याची कसोटी ‘मला विचारले का?’ एवढीच उरली होती.

आपल्या गटांत दियत्रफेस दुष्ट चेहऱ्याने येत नाही. बहुधा तो सर्वांत जास्त राबलेला माणूस असतो. सभागृहाची किल्ली त्याच्याकडे, पाहुण्या वक्त्यांची यादी त्याच्याकडे, प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाला घ्यायचे तेही त्याच्याकडे. दुसऱ्या शहरातून कोणी तरुण सेवक आला आणि लोक त्याचे मनापासून ऐकू लागले, की त्याला काहीतरी टोचते. ते टोचणे ज्याला ओळखीचे वाटते, त्याने नववे वचन स्वतःचे नाव घालून वाचावे.

वडील गायसाला वेगळा गट काढायला सांगत नाहीत. दियत्रफेसाशी काय बोलायचे ते मी आल्यावर बोलेन, असे म्हणतात. गायसाला फक्त जे चांगले त्याचे अनुकरण करायचे आहे. लगेच पुढच्या वचनात देमेत्रिय येतो, बहुधा हे पत्र घेऊन दाराशी उभा असलेला. म्हणजे अनुकरण आजच, याच पाहुण्यापासून सुरू करायचे होते. आणि पाहुण्याला घेणाऱ्यांना दियत्रफेस बाहेर काढत होता, हे गायसाने नुकतेच वाचले होते.

पतींसाठी एक सूचना. पाहुण्याला होकार तुम्ही देता, पण पहाटे उठून पोळ्या बहुतेक घरांत बहीणच करते. आतिथ्य दोघांचे असेल तर होकारही दोघांचा हवा, आणि अंथरूण घालणे, भांडी घासणे हीसुद्धा सेवाच आहे. घर एका खोलीचे असेल तर शेजारच्या विश्वासी कुटुंबाला सोबत घ्या. एकाकडे जेवण, एकाकडे झोपणे.

शेवटी वडील शाई आणि लेखणी बाजूला ठेवतात. त्यांना समोरासमोर भेटायचे आहे. तिथल्या मित्रांना सलाम सांगतानाही ते एकेकाचे नाव घ्यायला सांगतात. मागच्या सहा महिन्यांत तुमच्या शहरातून गेलेल्या सेवकांची नावे एका कागदावर लिहून पाहा. ते रात्री कुठे झोपले आणि पुढचे तिकीट कोणी काढले, हे ज्याच्याबद्दल तुम्हाला ठाऊक नाही, त्याला या आठवड्यात फोन करून विचारा.