कॅम्पला येतेयस ना, मग ऐक

खालाचा फोन आला होता. तू सुटीत वाघोलीला, मुलींच्या दीनी कॅम्पला येतेयस म्हणाली. बरं झालं. 2018, 2019 साली रमजान ऐन मे महिन्यात आला होता, तेव्हा उन्हाळी कॅम्पचं गणितच बसत नसे. दर वर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून आता मे मोकळा सापडतो. वेळापत्रक तुला मिळेलच: फजर, तजवीद, नाश्ता, सीरतचा तास, जोहर, जेवण, कैलुला, असर, खेळ, मगरिब, इशा. त्यात जे लिहिलेलं नसतं, ते मी सांगते.

पहाटे साडेचारला दार वाजतं. मेच्या मध्याला इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फजरला लोळायला सवड नसते. चिपळूणच्या चिकचिकीनंतर इथली पहाट तुला गार वाटेल, एक पातळ चादर आण. दुपारची झोप मात्र हक्काची. कैलुला सुन्नत आहे म्हणतात, आणि ही सुन्नत पाळायला कुणालाही दोनदा सांगावं लागत नाही!

पाण्याचं आधीच सांगून ठेवते. तुमच्याकडे विहिरीला पाणी. इथे वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत आली, टँकर काही गेले नाहीत. कॅम्पात वुजूसाठी नळ धो-धो सोडलेला दिसला की कुणीतरी ओरडतंच. हदीसमध्ये आहे, पैगंबरसाहेब एका मुद्द पाण्यात वुजू करत. म्हणजे साधारण पाऊण लिटर, तुझी शाळेची बाटली. तेवढ्यात कोपरापर्यंतचे हात, चेहरा, पाय सगळं नीट होतं. नळाऐवजी तांब्या घे, जमेल.

आता मुख्य गोष्ट. आपण कोकणी, म्हणजे शाफई. इथे पुण्याच्या मुली बहुतेक हनफी. तू असरला आपल्या वेळेवर उठशील तेव्हा बाकीच्या अजून चटईवर पडलेल्या असतील, आणि एखादी शहाणी विचारेलच, ‘अगं, इतक्यात?’ रुकूत जाताना तू हात उचलतेस, फजरला कुनूत म्हणतेस, त्याकडेही बघतील. कानकोंडी होऊ नकोस आणि वादही घालू नकोस. सरळ त्यांना घेऊन मैदानात जा आणि एक काठी रोव. पुण्यात 13-14 मेच्या आसपास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास काठीची सावली तिच्याच पायाशी गडप होते. (चिपळूणला हा दिवस तीन-चार दिवस आधीच येऊन जातो, बघून ये.) मग बसायचं वाट बघत. सावली काठीएवढी झाली की आपली असर, ती होते पावणेचारच्या आत-बाहेर. काठीच्या दुप्पट झाली की त्यांची, पाचच्या सुमारास. एकच काठी, एकच सूर्य, फरक सव्वा तासाचा. एरवी दुपारचीच थोडी सावली असते, ती यातून वजा करावी लागते. त्या दिवशी तीही नसते, म्हणून हिशेब इतका स्वच्छ दिसतो. तासभर व्याख्यान ऐकून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे काठीने शिरतं. त्यानंतर तू आपल्या वेळेला पढ किंवा थांबून त्यांच्याबरोबर पढ, दोन्ही चालतं. पण लाजून वेळ बदलू नकोस.

कुराण वाचताना काही मुली सुसाट सुटतात, लहानपणापासून मकतबात गेलेल्या असतात. तू मराठी शाळेतली, अडखळशील. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही हजरत आयशांनी सांगितलेली हदीस आहे, मी तुला बरं वाटावं म्हणून रचलेली नाही. आणि अर्थासाठी मराठी तर्जुमा सोबत ठेव. उर्दूतलं नाही कळलं तर हात वर करून विचार. दहा जणींना कळलेलं नसतं, विचारत कुणीच नाही.

आणि हे खालाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. तिथे पाळी आली तर घाबरायचं नाही. त्या दिवसांत नमाज माफ आहे, नंतर भरूनही काढायची नसते. रोजे मात्र भरून काढावे लागतात. बाकीच्या सफेत उभ्या राहिल्या की आपणच मागे बसलोय असं वाटतं, म्हणून काही मुली नुसत्याच रांगेत उभ्या राहतात, वाकतात, उठतात. कशासाठी? मागे बसणाऱ्या नेहमी दोघी-तिघी असतात, त्यांच्यात जाऊन बस, कॅम्पातल्या चांगल्या मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या. पॅड घरून आण, पोट फार दुखलं तर संध्याकाळच्या खो-खोला सरळ नाही म्हण. कारण सांगायची गरज नाही, बाजींना कळतं.

बॅगेत दोन सुती सलवार-कमीज, एक स्कार्फ जास्तीचा, चपला साध्या. सांदणं खालाकडून डबाभर आण, पहिल्या रात्री तुझ्याभोवती गर्दी होईल. मी स्वारगेटला घ्यायला येते, एसटीतून उतरलीस की तिथेच उभी राहा. आणि कॅम्पाच्या फाटकातून आत गेलो की मला आपा म्हणायचं नाही. तिथे मी बाजी, आणि ओळखीवर पाच मिनिटंसुद्धा जास्त झोप मिळणार नाही.