पेपर लावण्याआधी जरा थांब

अगं, फोटो पाहिले. बाबांच्या मारुती ८००चा तो लाल रंग पुन्हा तसाच दिसला आणि मला भरून आलं. रंग छान आलाय, पण उजेडात संत्र्याच्या सालीसारखा दिसतो, म्हणून घरीच पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायचा म्हणतेस. कर, तुला जमेल. पण आधी माझं ऐक, कारण यातली सगळ्यात महागडी चूक मी करून बसलेय.

माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर एक उठावदार रेघ होती. तिथे मी दोन मिनिटं जास्त घासलं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, गेला, रंग गेला आणि खालचा करडा प्रायमर दिसू लागला. अख्खं बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. ओला रंग धारेवर ठरत नाही, दोन्हीकडे ओसरतो, म्हणून कडा आणि दरवाजाचे काठ इथेच थर सगळ्यात पातळ असतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि जाड म्हणावा तिथे तरी तो किती? वरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम केसाएवढा. उन्हापासून रंगाला राखतो तो हाच, आणि तू घासणार आहेस तोही हाच.

म्हणून पेंटरकाकांना आधी विचार, रंगावर क्लिअर मारलाय की नुसता रंगच आहे? क्लिअर असेल तर घासताना पाणी दुधाळ निघतं. त्यात लाली दिसली की हात तिथल्या तिथे थांबव. नुसता रंगच असेल तर पाणी पहिल्यापासून लाल येणार, मग ही खूण तुझ्या कामाची नाही. रंग पुरता वाळलाय का, हेही त्यांनाच विचार, कारण ते हार्डनरवर आणि हवेवर ठरतं. पेपरवर रंगाच्या गुठळ्या चिकटायला लागल्या तर समज, अजून कच्चा आहे.

बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेव. गाडी सावलीत घे, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. सगळ्या कडांना आणि घड्यांना मास्किंग टेप लाव. वॉटर पेपर १५००, २००० आणि ३००० नंबरचे आण आणि अर्धा तास पाण्यात भिजत ठेव. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाक. पेपर बोटांनी दाबून धरू नकोस, बोटांच्या रेषा उमटतात. रबराच्या ठोकळ्याला गुंडाळ. पेपर खाली पडला तर तो गेलाच म्हणून समज. वाळूचा एक कण पुरतो.

१५००ने आडवं घास, २०००ने उभं. म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते आपोआप कळतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. दहा-बारा हात मारलेस की पाणी पुसून काढ आणि वाळलेलं बघ. घासलेला भाग मंद दिसेल आणि मधेमधे चकचकीत ठिपके राहतील. ते ठिपके म्हणजे साल अजून शिल्लक असलेले खळगे. ते कमी होत जातील तसा तुला हुरूप येईल आणि शेवटचे चार घालवण्यासाठी तू त्याच जागी घासत राहशील. नको, बाई. चार ठिपके राहू देत. ते कुणाला दिसणार नाहीत, उघडा पडलेला प्रायमर मात्र रस्त्यावरूनही दिसतो. ३००० झाला की टेप काढ. कडांना त्याच पेपरचा एखादाच हलका हात, बस.

आता पॉलिश. घरातल्या ग्राइंडरला बफिंग पॅड लावायचं म्हणाली होतीस, ते मुळीच करायचं नाही. लहान ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, रंग क्षणात जळेल. वेग कमी-जास्त करता येतो असं पॉलिशिंग मशीन भाड्याने आण, शक्यतो ड्युअल ॲक्शनचं, नवख्या हाताला ते माफ करतं. कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पॅडवर घे, दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा धर आणि मशीन एका जागी थांबू देऊ नकोस. मधूनमधून पत्र्याला हात लावून बघ, चटका बसला तर थांब. प्लॅस्टिकचा बंपर तर पत्र्यापेक्षा लवकर तापतो. शेवटी मऊ फोमच्या पॅडने बारीक पॉलिश कर आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघ, गोल रेषा दिसल्या तर तोच हात पुन्हा फिरव.

वॅक्सचा डबा आणला असशील तर महिनाभर तरी कपाटातच राहू दे. ताज्या रंगातला थिनर अजून उडत असतो, त्याला वाट हवी.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. तोवर मागच्या दरवाजाच्या खालच्या भागावर हात बसव, तिथे चुकलं तरी सहज नजरेत येत नाही. बॉनेट आपण दोघी मिळून करू.