गालिचा, मांजर आणि तहारत



शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकांना रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशीम, चांगले ठाऊक आहे. अशा नाजूक धाग्याच्या गालिच्यावर पाळीव मांजर लघवी करते, आणि तो उन्हात वाळवून, अत्तर शिंपडून त्यावर नमाज अदा केली जाते. हे पुरेसे नाही. हनफी फिकहनुसार वाळल्याने जमीन पाक होते, गालिचा नव्हे.

मांजर स्वतः नापाक नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार, ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्याची लघवी मात्र नापाकच. मशिदीत एका ग्रामीण अरबाने लघवी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला दटावू दिले नाही, त्या जागी बादलीभर पाणी ओतविले. तेव्हा मांजरास मारझोड कशाला?

रेयॉन भिजला की दुबळा होतो, म्हणून घासू नये, पिळू नये. प्रथम सुती फडक्याने दाबून ओल टिपावी. मग गालिचा फळीवर तिरका ठेवून डागावर थंड पाणी ओतावे, ठिबकणे थांबू द्यावे, पुन्हा ओतावे. न पिळता येणाऱ्या वस्तूसाठी हनफी मताने असे तीनदा. आपल्या कोकणी कुटुंबांतील शाफई मताने ओल टिपल्यावर पाणी सर्वत्र पोहोचून वास गेला की एकदाही पुरे. नेटाने धुऊनही उरलेला पुसट डाग माफ आहे. ब्लीच वापरू नये, धागा जातो.

नळाला पाणी नसेल त्या दिवशी गालिचा गुंडाळून ठेवावा आणि पाक चटईवर नमाज अदा करावी.