जहाज बांधताना लागलेला खोकला

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मुलाने इंग्लंडहून एक खोके पाठविले. त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे गाव आहे. तिथे ‘ट्रिंकोमाली’ हे जुने लढाऊ जहाज जपून ठेवलेले आहे. ते त्याने पाहिले आणि जहाज आपल्या मुंबईत, वाडिया घराण्याच्या कारागिरांनी, सागवानात बांधले असून १८१७ साली पाण्यात सोडले गेले, हे वाचून तो हरखून गेला. बाबांना लाकूडकामाची हौस आहे, तेव्हा त्यांनीही एक जहाज बांधावे, असे त्याच्या मनात आले. त्या जहाजाचा संच काही मिळाला नाही, म्हणून त्याच काळातल्या धर्तीच्या दोन डोलकाठ्यांच्या एका जहाजाचा संच त्याने धाडला. मुळशी तालुक्यात बसून जहाज बांधायचे, हे ऐकून आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर हसले. मी म्हटले, अहो, ताम्हिणी घाट उतरला की कोकणच आहे, समुद्र काही फार लांब नाही.

आरोग्याच्या सदरात हे जहाज कशाला, असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा.

खोक्यात प्लायवूडमधून कापलेला जहाजाचा कणा आणि त्यावर आडव्या बसणाऱ्या फासळ्या होत्या. लिंबाच्या लाकडाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या होत्या (हे विलायती लिंब, आपला कडुलिंब नव्हे) आणि वरच्या थरासाठी अक्रोडाच्या त्याहून पातळ पट्ट्या. शिवाय बारीक पितळी खिळे, काळा-तपकिरी दोरा आणि नकाशांची जाडजूड घडी. काम असे चालते: कण्यावर फासळ्या बसवायच्या, मग त्यांच्या कडा घासून तिरक्या करायच्या, म्हणजे पट्टी प्रत्येक फासळीवर पूर्ण टेकते. पट्टी कोमट पाण्यात भिजवून, हळूहळू वाकवून, चिमट्यांनी धरून वाळवायची. नाळेकडे जहाज निमुळते होते, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे रंध्याने कमी करावी लागते. एक थर झाला की सगळे अंग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे, त्यावर दुसरा थर आणि पुन्हा घासणे. खरे सांगायचे तर जहाज बांधणे म्हणजे तीन हिस्से घासणे आणि एक हिस्सा बाकी सारे.

हे घासणे आले ऐन आषाढात. आमच्याकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. खिडकी उघडली की वही ओली होते. मी मागची लहान खोली घेतली, दारे-खिडक्या लावल्या, दिवा डोक्यावर ओढला आणि रोज संध्याकाळी दवाखाना आटोपला की दोन-दोन तास घासत बसलो. दिव्याच्या झोतात पिठासारखी धूळ तरंगताना दिसे. ती मला सुंदर वाटे, हे कबूल करतो. लहान तुकडे जोडायला झटकन चिकटणारा सुपर ग्लू होताच. त्याचा वास डोळ्यांत झोंबायचा, तेवढे डोळे पुसले की काम पुढे चालू.

तीन-चार आठवड्यांनी खोकला सुरू झाला. संध्याकाळी काही नसे, रात्री दीड-दोनला जाग येई, छातीतून मांजराच्या पिलासारखा आवाज येई, तासभर बसून काढावा लागे. मी डॉक्टर. पस्तीस वर्षे पौडच्या दवाखान्यात बसतो आहे. मी स्वतःला काय सांगितले? हवा दमट आहे, भिंतींना बुरशी आली आहे, लहानपणी पावसाळ्यात दम लागायचा तोच वयोमानाने परत आला असेल. मंडळी म्हणाल्या, “ते जहाज जरा बंद ठेवा.” मी म्हणालो, लाकडाने कोणाला खोकला होतो काय? घरातल्या माणसाचे ऐकण्याची आम्हा डॉक्टरांना सवय नसते.

ऑगस्टमध्ये एका लग्नाच्या बोलणीसाठी आठ दिवस पुण्याला बहिणीकडे राहिलो. तिसऱ्या रात्री लक्षात आले की आपण सलग झोपलो. पुण्यातही पाऊस होताच आणि बहिणीच्या घराची भिंतही ओलीच होती. घरी परतलो, दोन दिवस बरा होतो. तिसऱ्या दिवशी घासायला बसलो आणि त्याच रात्री दीड वाजता उठून बसलो.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कपाटातून पीक फ्लो मीटर काढले. हे एक प्लॅस्टिकचे स्वस्त नळकांडे असते. पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकले की श्वास किती वेगाने बाहेर पडतो, त्याचा आकडा काट्यावर दिसतो. दिवसातून चार वेळा फुंकून दोन आठवडे वहीत आकडे लिहिले. घासायचा दिवस आणि न घासायचा दिवस, यांवर वेगळ्या खुणा केल्या. सुट्टीच्या दिवशी आकडा ४२० च्या आसपास राही. घासलेल्या रात्री ३३० पर्यंत उतरे. वहीशी वाद घालता येत नाही.

यातला कपटीपणा असा की त्रास लगेच होत नाही. धूळ किंवा वाफ आत गेल्यावर काहींना पंधरा मिनिटांतच दम लागतो, पण अनेकांना चार ते आठ तासांनी, म्हणजे ऐन झोपेत त्रास होतो. तोवर माणूस काम विसरून गेलेला असतो आणि दोष जातो रात्रीच्या दह्याला, केळ्याला नाहीतर थंडीला. जाड भुसा नाकातच अडतो, त्याची फारशी काळजी नाही. दहा मायक्रॉनच्या आतली धूळ, जी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते, ती श्वासनलिकांत खोल उतरते. तिथले अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, नळी अरुंद होते. ज्यांना दम्याची प्रवृत्ती आधीपासून आहे, त्यांना नुसत्या चुरचुरण्यानेही हे होते. माझे तसेच झाले असावे. दुसरा प्रकार खऱ्या ॲलर्जीचा. यात शरीर त्या वस्तूला हळूहळू शत्रू मानू लागते आणि त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. म्हणून “वीस वर्षे हेच काम करतोय, कधी काही झालं नाही” हा पुरावा होऊ शकत नाही. सुपर ग्लूच्या वाफेनेही अशा प्रकारचा दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे, ते सांगतो.

आमच्या भागात एक सुतार आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. पाचेक वर्षांपासून खोकल्यासाठी माझ्याकडे येतात. थुंकी तपासून झाली, छातीचा फोटो काढून झाला, क्षयरोग नाही हे ठरले. मी औषधाची बाटली दिली, तंबाखू सोडा म्हणून सांगितले, त्यांनी ती सोडलीही. तरी खोकला काही हटेना. मिस्त्री दरवर्षी आषाढी वारीला जातात. परत आले की दवाखान्यात बुक्का लावून येतात आणि म्हणतात, “डॉक्टरसाहेब, वारीत खोकला एकदाही आला नाही बघा. माऊलीची कृपा.” मी दरवर्षी हसून मान डोलावली. तीन आठवडे पावसात चालायचे, तंबूत ओल्या जमिनीवर झोपायचे, हजारो पावलांची माती नाकात जायची, आणि तरीही खोकला नाही. मग गणपतीच्या सुमारास मखरांची आणि फर्निचरची कामे एकदम येतात आणि मिस्त्री पुन्हा माझ्या बाकावर. पाच वर्षे रुग्ण स्वतःच्या तोंडाने निदान सांगत होता आणि मला ते ऐकू आले नाही. माझ्या आठ दिवसांच्या पुण्याच्या मुक्कामाने जे सांगितले, तेच त्यांची वारी सांगत होती.

इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सुचविले की रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारताना आणखी एक विचारावा: तुमचा धंदा काय? मी तो विचारत होतो. केसपेपरवर ‘सुतारकाम’ असे लिहिलेलेही होते. पण “कामावर नसता तेव्हा कसे वाटते?” हा त्याच्या पुढचा प्रश्न मी विचारला नव्हता. वाचकहो, डॉक्टरने विचारला नाही तरी आपण होऊन सांगा. सुट्टीत, गावाला, यात्रेला गेल्यावर खोकला किंवा दम कमी होतो का आणि परतल्यावर किती दिवसांत उलटतो, एवढे दोन वाक्यांत सांगितले तरी पुष्कळ झाले. हे फक्त सुतारांपुरते नाही. पिठाची गिरणी, बेकरी, पोल्ट्री, गाड्यांचे स्प्रे पेंटिंग या सर्वांना हेच लागू आहे.

लाकडाविषयी थोडे अधिक. सागवानाला वाळवी सहजी लागत नाही, ती त्यातल्या नैसर्गिक रसायनांमुळे. मुंबईत बांधलेली जहाजे टिकली, त्यालाही सागवानाचा हाच गुण कारण होता. पण त्यांपैकीच काही रसायनांनी काहींच्या हाताला व मानेला खाज सुटते, पुरळ येते. आजकाल फर्निचरला एमडीएफचा बोर्ड फार वापरतात. त्याचा भुसा अतिशय बारीक निघतो, आणि तो बोर्ड बहुधा फॉर्मल्डिहाइड असलेल्या चिकट द्रव्याने बांधलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली. हा धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या पोकळीचा आणि वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. हौसेने एक जहाज बांधणाऱ्याने घाबरून जाऊ नये. मात्र कोणा सुताराचे एकच नाक महिनोन्‌महिने चोंदत असेल किंवा त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

मी जहाज सोडले नाही. बिऱ्हाड मात्र हलविले. घासायचे काम पडवीत, वारा पाठीमागून येईल असे बसून करू लागलो. तोंडाला रुमाल बांधण्याचा उपयोग नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून वापरावा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही लक्षात ठेवावे. काम झाल्यावर केरसुणी मारू नये, खाली बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. अंगावरचा सदरा खोलीबाहेर काढून ठेवावा, नाहीतर तो उशीपर्यंत धूळ नेतो. जिथे जमेल तिथे घासण्याऐवजी धारदार पात्याने खरवडले तर धुळीऐवजी बारीक छिलके निघतात. आणि सुपर ग्लूच्या जागी साधा पांढरा फेविकॉल वापरला. वाळायला वेळ लागतो, पण निवृत्तीला आलेल्या माणसाला घाई कसली?

औषधाचे म्हणाल, तर मी श्वासाचा पंप घेतला. त्याची सवय लागते, हा समज अजून घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून अगदी थोड्या मात्रेत काम होते. गोळ्यांची मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. पण धूळ तशीच ठेवून नुसता पंप ओढत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. थुंकीतून रक्त पडणे, एक वाक्य पुरे बोलताना दम लागणे, ओठ निळे पडणे, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सुपर ग्लूने बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणपाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. तो कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर एकदम तापतो आणि भाजतो, म्हणून फडक्याने टिपायला जाऊ नये. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवावे, पापण्या ओढून उघडू नयेत, थेट डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाते जपून वापरावे. मान वाकवून बसण्याऐवजी काम छातीच्या उंचीवर आणावे, मी त्यासाठी जुना पाट टेबलावर ठेवला. एवढे सांभाळले तर हा छंद हातांना चांगला आहे. माझी उजव्या हाताची दोन बोटे संधिवाताने आखडलेली असतात. बारीक दोरा ओवून गाठ मारण्याच्या सरावाने ती संध्याकाळपर्यंत बरी चालतात.

मिस्त्रींना मी ती वही दाखविली. त्यांनी स्वतः दोन आठवडे आकडे लिहून आणले. आकडे माझ्याहून वाईट होते. नंतर पुण्याला छातीच्या डॉक्टरांकडे श्वासाची सविस्तर तपासणी झाली, रोजचा पंप सुरू झाला. मिस्त्रींनी शेडच्या एका बाजूची पत्र्याची भिंत काढून तिथे मोठा पंखा लावला, घासायचे मशीन त्याच्या समोर आणले. पोराला पहिल्या दिवसापासून मास्क लावायला लावतात. पोरगा कुरकुरतो. यंदा वारीहून आले तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणाले, “खोकला नाही.” मी विचारले, “आणि गणपतीत?” म्हणाले, “ते गणपतीत बघू.” गणपती झाले. खोकला आहे, पण रात्री झोप लागते, आणि मखरांची कामे त्यांनी एकही परत पाठविली नाहीत.

माझ्या जहाजाच्या दोऱ्या ओवणे अजून बाकी आहे. त्याला ठेवायला मिस्त्रींनी सागवानाची बैठक करून दिली. आणली तेव्हा ती दारातच थांबवून ओल्या फडक्याने पुसून घेतली, मग आत दिली.